कारीचे कान्होजी नाईक जेधे : वतन आणि स्वराज्य

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा भोर-वेल्हे भागातील सभासद कुटुंबांच्या आग्रहावरून आम्ही कारीचे कान्होजी नाईक जेधे यांचे चरित्र हाती घेतले. कान्होजींचे नाव ज्याने ऐकले नाही असे घर रोहिड खोऱ्यात सापडावयाचे नाही. तरीही ते पुन्हा सांगावे असे आम्हांस वाटले, त्याचे कारण केवळ त्यांचा पराक्रम हे नव्हे. राजकीय स्वातंत्र्य म्हणजे काय व ते कोठून उपजते, ह्या प्रश्नावर जगातील पंडितांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. तोच प्रश्न कान्होजींपुढे एके दिवशी अचानक येऊन उभा राहिला, आणि ग्रंथ चाळीत बसण्यास त्यांना सवड नव्हती. त्यांनी जे उत्तर दिले त्यापायी त्यांना एक वस्तू सोडावी लागली. ती वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही देव्हाऱ्यातील टाकांइतक्याच आदराने जपलेली आहे. ती वस्तू म्हणजे वतन.

वतन हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ राहण्याचे ठिकाण, जन्मभूमी. उर्दू बोलणारे लोक आजही आपल्या देशाला वतन म्हणतात. आपल्याकडे मात्र त्या शब्दाला निराळेच वळण लागले. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण असा वंशपरंपरागत हुद्दा, त्याबरोबर येणारी इनाम जमीन, वसुलातील हक्क आणि सणासमारंभातील मानपान ह्या सर्वांना मिळून वतन म्हणू लागले. एकाच शब्दाच्या पोटी देश आणि हक्क असे दोन अर्थ नांदत होते, व बहुधा ते एकमेकांच्या आड येत नसत. ज्या दिवशी ते आड आले त्या दिवसाची ही हकीकत आहे.

कान्होजींचा जन्म रोहिड खोऱ्यातील देशमुख घराण्यात झाला. कारी हे गाव भोर तालुक्यात, रायरेश्वराच्या डोंगराकडे जाणाऱ्या बाजूस आहे. जेध्यांच्या घराण्यात जी करिना म्हणून जुनी हकीकत जपलेली आहे, तीत कान्होजींच्या बालपणाची कथा येते ती मोठी करुण आहे. त्यांचे वडील नाईकजी हे भाऊबंदांच्या हातून मारले गेले. कारण अर्थातच वतन. अर्भक कान्होजीस एका इमानी सेवकाने वाचविले म्हणून हा वंश राहिला. पुढे मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर यांनी आपली कन्या त्यांना दिली. म्हणजे वतन हे काय चीज आहे, त्यासाठी सख्खा भाऊ कोणत्या थरास जातो, हे कान्होजींना कोणी शिकवावयास नको होते. त्या काळी मावळात अशी कथा एकट्या जेध्यांची नव्हती. बारा मावळांतील एकही देशमुख घराणे असे नसेल की ज्याच्या कागदांत वतनाच्या वादाचे रक्त सांडलेले नाही. हे लिहिताना कोणाचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही; आमच्या स्वतःच्या घरचे कागदही ह्याला अपवाद नाहीत.

प्रौढ वयात कान्होजी शहाजीराजांच्या समवेत आदिलशाही चाकरीत कर्नाटकात होते. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीच्या मोहिमेत शहाजीराजांस कैद झाली, तेव्हा कान्होजी व दादाजी कृष्ण लोहोकरे हेही कैदेत पडले. १६ मे १६४९ रोजी सुटका झाली. सुटकेनंतर शहाजीराजांनी कान्होजींस मावळात जाण्यास सांगितले. आपला पुत्र तेथे नवा डाव मांडून बसला आहे, तुम्ही त्या भागातले वजनदार देशमुख आहात, उद्या मोगल येवोत की आदिलशाही फौज येवो, त्याच्याशी इमान सोडू नका, अशा आशयाची शपथ त्यांनी घेवविली. कान्होजींनी ती घेतली व ते परत आले.

येथे क्षणभर सह्याद्रीपलीकडे पाहू. त्याच १६४९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये लोकसभेच्या पक्षाने आपल्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला होता. राजाच्या मर्जीवर जगणारा माणूस स्वतंत्र म्हणावा की नाही, हा त्या लढ्यातील एक कळीचा प्रश्न होता. कान्होजींना ह्याची वार्ताही नसणार. परंतु विजापूरच्या कैदेत काही महिने काढून आलेल्या माणसाला त्या प्रश्नाची ओळख करून देण्याची गरज नव्हती.

मावळात शिवाजीराजांचे काम सुरू होऊनही काही वर्षे लोटली होती. रायरेश्वरापुढे स्वराज्याची शपथ झाली असे परंपरा सांगते. रोहिड खोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांस लिहिलेले म्हणून जे १६४५ चे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात हिंदवी स्वराज्य हा शब्द येतो. पण त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी संशोधकांत एकमत नाही. म्हणून आम्ही त्यावर इमारत उभी करीत नाही. शब्द कोणी केव्हा उच्चारला यापेक्षा त्याची किंमत कोणी केव्हा मोजली हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

ती किंमत मोजण्याचा प्रसंग १६५९ मध्ये आला. विजापुराहून अफझलखान मोठ्या फौजेनिशी निघाला. १६ जून १६५९ रोजी अली आदिलशहाचे फर्मान कान्होजींच्या नावे सुटले. खानाला सामील व्हावे, चाकरी चांगली झाल्यास सरफराजी होईल, शिवाजीच्या लोकांना आश्रय देऊ नये, अशा मतलबाचे ते फर्मान होते. अशीच फर्माने इतर मावळी देशमुखांनाही गेली. भोरला लागूनच असलेल्या उत्रौलीचे खंडोजी खोपडे ताबडतोब खानाकडे गेले. रोहिड खोऱ्यातच खोपडे व जेधे यांचा वतनाच्या बाबतीत जुना दावा होता. तेव्हा खोपडे खानाकडे गेले याचा अर्थ कारीत सर्वांस समजला. खान जिंकला तर जेध्यांचे वतन खोपड्यांच्या घरी जाणार होते.

कान्होजी फर्मान घेऊन आपल्या पाच पुत्रांसह राजगडी शिवाजीराजांकडे गेले. फर्मान त्यांनी दडवून ठेवले नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. राजांनी ते पाहिले. खोपडे गेले, तुम्हांसही असे फर्मान आहे, न गेल्यास वतनास धोका, प्रसंगी जिवासही धोका, तेव्हा तुम्हीही जाण्याचा विचार करावा, असे राजांनी त्यांस मोकळेपणाने सुचविले. राजे कान्होजींची परीक्षा पाहत होते असे म्हणण्याची चाल आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ देण्यास अद्याप फारसे काही नाही असा तरुण राजा, पित्याच्या वयाच्या देशमुखास, खरी परिस्थिती सांगून निवड त्याच्यावर सोपवीत होता. सक्ती केली असती तर आदिलशहाच्या फर्मानात आणि राजांच्या शब्दात फरक तो काय राहिला असता?

कान्होजींनी शहाजीराजांपुढे घेतलेल्या शपथेची आठवण दिली, पाचही पुत्रांसह आपण पायांपाशीच राहू असे सांगितले, आणि हातावर पाणी घेऊन वतनावर उदक सोडले. पाणी सोडणे हा वाक्प्रचार आपण आज उठल्याबसल्या वापरतो. कोणी सुट्टीवर पाणी सोडतो, कोणी मुलाच्या लग्नातील मानपानावर. राजगडावर त्या दिवशी तो वाक्प्रचार नव्हता. खरेच पाणी होते, आणि ज्या हक्कासाठी बापाचा जीव गेला तो हक्क त्या पाण्याबरोबर जात होता.

वतनासंबंधी निश्चिंती झाल्यावर राजांनी त्यांस कुटुंबकबिला तळेगावी हलविण्यास सांगितले व इतर मावळी देशमुखांना वळविण्याचे काम सोपविले. कान्होजींनी बांदल, शिळीमकर, पासलकर, मरळ, ढमाले इत्यादिकांस एकत्र केले. गुंजण मावळ, कानंद खोरे, हिरडस मावळ, मोसे खोरे असे सारे मिळून राजांच्या मागे उभे राहिले. ज्यांच्या बांधाबांधाचे तंटे होते ते एका फौजेत आले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली काय घडले ते सांगावयास नको. पारच्या खोऱ्यातील खानाच्या तळावर तुटून पडणाऱ्यांत जेध्यांचे व बांदलांचे मावळे होते.

आता जो विचार मांडण्यासाठी आम्ही लेखणी उचलली त्याकडे वळतो. कान्होजी खानाकडे गेले असते तर त्यांचे काय बिघडले असते? विजापूरची सत्ता त्यांच्यावर काही रोज जुलूम करीत नव्हती. देशमुखी होती, मान होता, कदाचित बढतीही झाली असती. स्वातंत्र्य म्हणजे केवळ आपल्या हालचालीला अडथळा नसणे, असे मानले तर कान्होजी आदिलशाहीत पुरेसे स्वतंत्र होते. इंग्लंडातील थोर तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज याने १६५१ साली, म्हणजे ह्या प्रसंगापूर्वी आठच वर्षे, आपल्या लेव्हायथन ह्या ग्रंथात जवळजवळ हेच मत मांडले. बाहेरचा अडथळा नसला की माणूस मोकळा. भीतीपोटी केलेले कृत्यही त्याच्या मते मोकळेपणीच केलेले असते. बुडत्या गलबतातील व्यापारी जीव वाचविण्यासाठी माल समुद्रात टाकतो तेव्हा तो ते स्वेच्छेनेच करीत असतो. ह्या हिशेबाने खंडोजी खोपडेही स्वतंत्र आणि कान्होजीही स्वतंत्र. दोघांत फरक नाही. हॉब्ज हा फार कुशाग्र बुद्धीचा माणूस होता, पण रोहिड खोऱ्यातील शेंबडे पोरही त्याचा हा निकाल मान्य करणार नाही.

त्याहून जुना विचार रोमन लोकांचा. त्यांच्या कायद्यात माणसांचे दोन वर्ग होते. एक स्वतःच्या अधिकारात असलेले, दुसरे पराधीन. गुलामाचा धनी प्रेमळ असला, त्याने कधी चाबूक उचलला नाही, तरी गुलाम तो गुलामच. कारण धनी आज प्रेमळ आहे, उद्या नसेल, आणि त्याला विचारणारा कोणी नाही. म्हणजे परतंत्रता ही फटक्यात नसते, फटका देण्याच्या मोकळीकीत असते. आपल्या पाणिनीनेही व्याकरणात कर्त्याची व्याख्या करताना त्याला स्वतंत्र म्हटले. क्रिया ज्याच्या तंत्राने चालते तो कर्ता. ह्या दृष्टीने १६ जूनच्या फर्मानाकडे पाहावे. त्यात कृपा होती, वचन होते. पण जे एका कागदाने मिळते ते दुसऱ्या कागदाने जाते, आणि दोन्ही कागद विजापुरातच लिहिले जातात. जेध्यांचे वतन उद्या खोपड्यांना देता येत होते, ही एकच गोष्ट कान्होजींचे वतन खरे कोणाचे होते ते सांगण्यास पुरेशी आहे.

युरोपातही मध्ययुगात स्वातंत्र्य हा शब्द बहुधा अनेकवचनी असे. १२१५ साली इंग्लंडच्या सरदारांनी राजाकडून जी सनद घेतली तीतील स्वातंत्र्ये म्हणजे मुख्यत्वे ज्याचे त्याचे हक्क, सवलती, माफ्या. आपल्या भाषेत सांगावयाचे तर वतनेच. हक्कांची अशी वाटणी आणि सर्वांचे मिळून एक स्वातंत्र्य ह्यांत अंतर आहे. ते ओलांडण्यास तिकडे कित्येक शतके लागली. कान्होजींनी आपल्यापुरते ते एका ओंजळीत ओलांडले असे म्हणण्याचा आम्हांस मोह होतो. पण मोह आवरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

पहिली गोष्ट खंडोजी खोपड्यांची. लढाईनंतर ते लपून राहिले व अखेर मध्यस्थीने कान्होजींकडे आले. कान्होजींनी आपल्या वैऱ्यासाठी राजांजवळ रदबदली केली, राजांनी जीव न घेण्याचे कबूल केले, आणि पुढे खोपड्यांचा एक हात व एक पाय तोडविला. कान्होजी खिन्न झाले. जीव घेणार नाही एवढेच वचन होते, ते पाळले, असे राजांनी समजाविले. स्वराज्याच्या आरंभीच्या काळात फितुरीला वचक बसविणे आवश्यक होते हे आम्ही जाणतो. तरी वैऱ्यासाठी शब्द टाकणारे व त्याच्या शिक्षेने दुःखी होणारे कान्होजी आम्हांस त्या वतनत्यागाच्या दिवशीपेक्षाही जवळचे वाटतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. स्वराज्यात वतने नाहीशी झाली नाहीत. जेध्यांची देशमुखीही पुढे चालू राहिली. सभासदाने जिंजीस लिहिलेल्या आपल्या बखरीत असे नमूद केले आहे की देशमुख-पाटलांनी गढ्या बांधून रयतेकडून मनास येईल ते घेण्याचा परिपाठ पाडला होता. महाराजांनी त्या गढ्या पाडविल्या आणि हक्कांचा आकार नेमून दिला. लगाम घातला, पण घोडा राहिला. १६८९ नंतर राज्यावर बिकट काळ आला तेव्हा राजाराम महाराजांना १६९० मध्ये जिंजीहून कान्होजींचे पुत्र बाजी सर्जेराव यांस पत्र लिहून स्वराज्याच्या कामी मन लावण्यास सांगावे लागले. ज्या घरात बापाने वतनावर पाणी सोडले त्या घरातील मुलाची अशी मनधरणी करावी लागली, यावरून त्या मोहाचे बळ कळून येईल. अशा मनधरणीसाठी त्या वर्षांत इनामे व वतने सढळ हाताने वाटली गेली. पुढे १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र रचले. त्यात वतनदार हे राज्याचे लहानसे भागीदारच होत, आहे त्यावर ते संतुष्ट नसतात, परचक्र येताच वतनासाठी आधी शत्रूस जाऊन भेटतात, म्हणून त्यांस नष्टही करू नये व मोकळेही सोडू नये, असा विचार सांगितला आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर तो सारा काळ गेला त्यांचा हा अनुभव होता.

आणि वतनदार म्हणजे काही केवळ देशमुख-पाटील नव्हेत. महारांनाही वतन होते. दिवसरात्र सरकारी व गावकीचे पडेल ते काम, आणि त्याच्या बदल्यात तुटपुंजी जमीन व दारोदारचे बलुते. आमच्या घरी वतन ही शान होती. गावकुसाबाहेर तेच वतन बेडी होते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ह्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते ती बेडी तोडण्यासाठी. त्या वेळी ते मंजूर झाले नाही. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, आणि कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने. म्हणजे भोर संस्थान मार्च १९४८ मध्ये विलीन होऊन दोन वर्षे झाल्यावर देशमुखी संपली, आणि महारकी त्यानंतर आठ वर्षांनी. ह्या क्रमावर वाचकांनी स्वतःच विचार करावा.

मागील स्मरणिका चाळताना आमच्या असे ध्यानात आले की आपण कुलवृत्तान्तात सनदा, मान, पहिला विडा कोणाचा ह्यांच्या नोंदी फार बारकाईने देतो. त्या द्याव्यात, तो इतिहास आहे. परंतु एखाद्या पूर्वजाने काय मिळविले ह्याला अर्धे पान आणि काय सोडले ह्याला एक ओळ, हे प्रमाण कान्होजींच्या बाबतीत तरी उलटे असावयास हवे होते. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. त्या गडावर सुवेळा आणि संजीवनी माची पाहण्यास पुष्कळ मंडळी जातात. ओंजळीतले ते पाणी कोणत्या सदरेवर पडले असेल असे विचारणारा अजून आम्हांस भेटला नाही.

कान्होजींची समाधी भोरजवळ आंबवडे येथे नागेश्वराच्या परिसरात आहे. जवळच जिवा महाला यांचीही आहे. एक देशमुख, दुसरा न्हावी समाजातील वीर. त्याच आंबवड्यास भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव यांचीही समाधी आहे. ताराबाईसाहेबांशी घेतलेली शपथ एका बाजूस आणि शाहू महाराजांची आज्ञा दुसऱ्या बाजूस, अशा पेचात सापडून १७०७ मध्ये त्यांनी तेथे देह ठेवला. शपथेचे वजन ज्यांना कळत होते अशी ही माणसे एकाच आवारात विसावलेली आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे गेलो तेव्हा ओढा भरून वाहत होता व शाळेची काही मुले पायऱ्यांवर डबे उघडून बसली होती.

कान्होजींच्या हयातीतील आणखी एक प्रसंग सांगून हे चरित्र पुरे करतो. अफझलखानाच्या प्रसंगानंतर राजांच्या दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांना मिळाला होता. पुढे जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडास जाताना बाजीप्रभू देशपांडे व बांदलांचे मावळे घोडखिंडीत पडले. त्या बलिदानानंतर पहिला मान बांदलांस द्यावा असे राजांच्या मनात आले व त्यांनी कान्होजींस विचारले. कान्होजींनी संमती दिली. बांदल हे हिरडस मावळचे देशमुख, म्हणजे शेजारी. आणि शेजाऱ्यास वरचा मान देणे हे मावळात वतन देण्याहून सोपे नव्हते. करिना हा कागद घराणी आपले हक्क शाबीत करण्यासाठीच लिहीत असत. हा मान आपल्याकडून बांदलांकडे गेला ही नोंद आपणांस मिळते ती जेध्यांच्याच करिन्यातून, त्यांच्याच दप्तरात राखलेली.